वाकळे सिस्टरची किळस

सरकारी मोबाईल वाकळे सिस्टर दोन बोटांत धरायच्या. घरात मेलेला उंदीर सापडला की बाई कशी शेपटीला धरून, हात अंगापासून लांब ठेवून, तोंड दुसरीकडे फिरवून तो उकिरड्यावर नेते, तशा त्या तो मोबाईल प्रसूतिगृहातून माझ्या औषधाच्या खिडकीपर्यंत आणायच्या. ओट्यावर टाकायच्या आणि म्हणायच्या, "घ्या. पुन्हा कायतरी मागायलंय हे. बगा काय पायजे ह्याला."

परभणी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषध निर्माता म्हणून रुजू झालो, तेव्हा त्या तिथल्या जुन्या नर्स होत्या. गावाचं नाव लिहीत नाही. त्याचं कारण पुढं कळेल. बोरीला जाणारी बस आमच्या फाटकासमोर थांबायची. समोर तुरीची रानं, मागं कडुलिंब आणि त्याखाली सिस्टरचं क्वार्टर. सिस्टर आज नाहीत. त्या होत्या तोवर हे लिहायची माझी छाती नव्हती.

पहिल्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला आणि "मी देशपांडे" असं सांगितलं. त्यांनी मला खालून वर पाहिलं. माझ्या गळ्यात हेडफोनची वायर लोंबत होती.

"हे काय? तुमाला बी तपासायची नळी दिली का सरकारनं?"

"नाही सिस्टर. गाणी ऐकायचं आहे."

"शी," सिस्टर म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यांच्या 'शी'ची ही माझी पहिली ओळख. पुढं मला त्याचे प्रकार कळू लागले. कामाच्या ॲपसाठी असायचा तो आखूड, तुटक 'शी'. व्हॉट्सॲपसाठीचा लांबायचा, त्याच्या शेवटी थोडी ओकारी असायची. राजकारणाच्या वाट्याला आवाजही यायचा नाही. फक्त ओठाचा डावा कोपरा खाली जायचा. आणखी एक खूण मी ओळखायला शिकलो होतो. मूड बरा असला की त्या मला 'तू' म्हणायच्या, आणि राग आला की 'तुमी'.

पेडगाव त्यांचं माहेर. उंच, हाडापेराच्या, नवरा असून कपाळावर कुंकू नाही, केसांचा घट्ट अंबाडा. हात सदा ओलसर आणि पांढुरके. एवढी वर्षं साबण आणि जंतुनाशकात घातल्यामुळं बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. हजेरीचं अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा त्यांची पंचाईत झाली. यंत्र रोज सकाळी 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. सिस्टर अंगठा पुसायच्या, पुन्हा ठेवायच्या. यंत्राचं तेच.

"निम्म्या गावाचं पहिलं पाणी ह्या हातानं पुसलंय," त्या यंत्राला म्हणायच्या. "आन तू कालचं पोर मला वळखंना? थू तुझ्या जिंदगानीवर." मग मागं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडं वळून, "वळखायला माणूसच लागतंय. हे डबडं काय वळखणार."

ॲपवर त्यांचं एक ठरलेलं मत होतं आणि ते त्या डॉक्टरांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना ऐकवायच्या. "आधी काम व्हायचं, मंग त्याची नोंद व्हायची. आता नोंद व्हती. काम झालं का, हे कुणी इचारत बी न्हाई." गरोदर बाईची तपासणी झाल्याचा फोटो काढायचा, त्यात ठिकाण आणि वेळ उमटली पाहिजे, असा हुकूम आला होता. आमच्याकडं मोबाईलची रेंज फक्त फाटकाजवळ. एकदा उन्हात एक सातव्या महिन्याची बाई फाटकापाशी उभी होती. आशाताई तिला "जरा इकडं सरका, आणखी इकडं" करत फोटो घ्यायला धडपडत होती. सिस्टरनी लांबून पाहिलं, तरातरा गेल्या, बाईचा हात धरला आणि कडुलिंबाखाली आणून बसवलं. पाणी दिलं. रक्तदाब तपासला. आशाताई हळूच म्हणाली, "सिस्टर, फोटो राहिला की."

"त्या सायबाला म्हणावं, तू ये सातवा महिना घेऊन, उभा ऱ्हा उन्हात. तुझा काढते."

महिन्याकाठी जिल्ह्याहून, ऑफिसातल्या तारेच्या नेटवर, व्हिडिओ बैठक व्हायची. सिस्टर कॅमेऱ्यात खांद्यापासून वर दिसतील अशा बसायच्या आणि टेबलाखाली मांडीवर मेथी निवडायच्या. एकदा वरचे साहेब बराच वेळ आकडे, टक्के आणि कसला तरी डॅशबोर्ड यांवर बोलले आणि त्यांनी विचारलं, "वाकळे सिस्टर, ऐकू येतंय ना?"

"ऐकू येतंय साहेब. कळंना गेलंय."

त्या सगळ्याच बाबतीत बरोबर होत्या असं मात्र नाही. शिकाऊ नर्स म्हणून आलेल्या एका मुलीनं गणवेशात रील केली. सिस्टरनी तिला सगळ्या ओपीडीदेखत असं झापलं की पोरगी रडत सुटली. ती रील हात कसे धुवावेत यावर होती, हे मी नंतर त्यांना सांगितलं. वाटलं, वरमतील. त्या म्हणाल्या, "हात धुयाला गाणं कशाला लागतं? नळ न्हाई का?" आणि त्या मुलीशी त्या पुढं आठवडाभर नीट बोलल्या नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या एका जोडप्याचा पत्ता त्याच ॲपवरून लागला, त्यांच्या लेकराची चुकलेली लस तिकडं दिली गेली, तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या, "गाढवानं बी एखांद्या वेळंला वझं बरोबर दारात टाकावं."

त्यांचा स्वतःचाही एक मोबाईल होता. पुण्याला मुलाकडं नात होती, तिचे व्हिडिओ यायचे. दुपारी डबा खाऊन झाला की सिस्टर ते बघायच्या. हा मोबाईल मात्र दोन्ही हातांत, पसाभर धान्य धरावं तसा. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "सिस्टर, हाही मोबाईलच आहे."

"हे येगळं हाय."

"कसं काय?"

"ही माझी नात हाय. तुमचं शासन न्हाई."

कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटेपासून गुलाब, समया, उगवते सूर्य आणि सुविचार पडत. सिस्टर ते बघायच्या आणि तो लांबलचक 'शी' काढायच्या. एक दिवस मोबाईल माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "लिव्ह. ज्यास्नी सकाळ इतकी चांगली वाटायलीय, त्यांनी ओपीडीला येळंवर यावं." मी लिहिलं. ग्रुपवर दोन दिवस शुकशुकाट होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब आला. त्या म्हणाल्या, "गाजरगवत हाय हे. उपटलं तरी येतंय."

पण एका गोष्टीवर त्यांची किळस चेष्टेपलीकडं जायची. लहान पोरांना डोस पाजल्यानं पुढं काहीबाही होतं, असा एक व्हिडिओ गावात फिरला आणि एका गल्लीनं दारंच लावून घेतली. मी त्या दिवशी शीतपेटी घेऊन त्यांच्याबरोबर होतो. एका दारात तरुण बाप आडवा उभा राहिला. त्यानं मोबाईल पुढं केला. "हे बगा सिस्टर, डॉक्टरच सांगायलाय ह्याच्यात."

सिस्टरनी मोबाईलकडं पाहिलंच नाही. "ह्या डॉक्टरला तुझ्या लेकीचं नाव म्हाईत हाय का?"

त्यानं मोबाईलकडं पाहिलं.

"मला म्हाईत हाय. कोमल. पायाळू जन्मली. तुझी माय दारात बसून नवस बोलत व्हती आन तू कडुलिंबाखाली रडत व्हतास. तव्हा हा डॉक्टर कुठं व्हता? हाक मार त्याला. येऊ दे भाईर त्या डबड्यातून."

त्यानं दार सोडलं. बाहेर पडल्यावर मला वाटलं सिस्टर खूश असतील. त्या भरभर पुढं चालत सुटल्या होत्या. "लेकराच्या जिवावर खेळायलेत रे हे," त्या म्हणाल्या. "घरबसल्या. चा पीत."

राजकारण तर त्यांच्या घरातच होतं. नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला आणि दिवसभर टीव्हीपुढं बसलेला. टीव्हीवर चौघं एकदम ओरडायला लागले की सिस्टर क्वार्टरातून बाहेर येऊन ओट्यावर बसायच्या. "पाळणाघरात बी एवढा कालवा नसतो. आन तिथं निदान भूक लागलेली असती." कोणी पुढारी पक्ष बदलून आला की म्हणायच्या, "उपरण्याचा रंग बदलला. मानंवरचा मळ तोच." तरी मतदानाच्या दिवशी रांगेत त्या पहिल्या असायच्या. शाई लावलेल्या बोटाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांची त्यांना शिसारी होती. मी विचारलं, एवढी किळस येते तर मत का देता? म्हणाल्या, "घाण हाय म्हणून झाडायचं सोडत्यात का? जायचं, द्यायचं, घरी येऊन हात धुवायचे."

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या भागात एक पुढारी होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांच्या वाढदिवसाला दरवर्षी आमच्याकडं फळवाटप असे. दोन जीपा भरून कार्यकर्ते यायचे, एकेका रुग्णाच्या हातात केळं आणि सफरचंद द्यायचे. केळं धरायला सहा हात आणि सगळ्यांच्या माना कॅमेऱ्याकडं. त्या वर्षी बाळंतिणींसाठी बाळाचं अंगडं-टोपडं असलेली पिशवीही होती.

वॉर्डात तेव्हा तीन बायका होत्या. त्यातली एक अनुसया. हे तिचं खरं नाव नाही. एकोणीस-वीस वर्षांची पोर, पहिलंच बाळंतपण. बाळ पोटातच गेलेलं होतं. पुरुषांनी ते नेऊन मातीआड केलं होतं. ताप उतरला नव्हता म्हणून तिला ठेवून घेतलेलं. तिला दूध आलं होतं. सिस्टर सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी बसायच्या, तिला शेकायच्या, स्वतःच्या जुन्या सुती साडीचा पट्टा करून छातीला बांधायच्या. तेव्हा त्यांच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. फक्त मधूनच, "रड माय. आवाज करून रड. हितं परकं कुणी न्हाई."

फळवाटप आलं तेव्हा सिस्टर प्रसूतिगृहात दुसऱ्या बाईजवळ होत्या. डॉक्टर तालुक्याला गेले होते. मी औषधाच्या खिडकीत, समोर ओपीडीची रांग. भाऊ आत गेले, दहा मिनिटांत बाहेर आले, हात जोडत जीपमध्ये बसले आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. मागं दोन पोरगे राहिले, फोटो टाकायला. रेंजसाठी ते फाटकाजवळ उभे होते. मग व्हरांड्यात पंख्याखाली आले.

सिस्टर हातमोजे काढत बाहेर आल्या. वॉर्डात डोकावल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता. त्या पोरांजवळ जाऊन शांतपणे म्हणाल्या, "फोटो दाव."

पोरगा खुशीत दाखवू लागला. मी खिडकीतून वाकून पाहिलं आणि लगेच मान वळवली. अनुसया खाटेवर बसवलेली. हातात ती बाळाच्या कपड्यांची पिशवी. पट्टा सकाळी सैल केलेला, ब्लाऊज दोन्हीकडून ओला. ती कॅमेऱ्याकडं नाही, कुठंच बघत नव्हती. शेजारी भाऊ हसत होते. खाली लिहिलं होतं, नवमातांना भाऊंकडून शुभेच्छा.

"काढ हे."

"गेला की सिस्टर. लय ग्रुपवर गेला. लाईक बगा कसे आलेत."

झाडणाऱ्या बाईनं फरशी पुसायची फिनाईलची बादली तिथंच ठेवली होती. सिस्टरनी मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि त्या बादलीत सोडला. फेकला नाही, आपटला नाही. वापरलेला बोळा टाकावा तसा सोडला. दुसरा पोरगा तोवर त्याच्या मोबाईलवर हे चित्रित करत होता, हे आम्हाला नंतर कळलं.

पोरगे शिव्या देत निघून गेले. सिस्टर माझ्याकडं आल्या. "गेला ना आता?"

मला सांगवेना. पण सांगितलं, "सिस्टर, मोबाईल बुडवून फोटो जात नाही. तो आता सगळीकडं आहे."

त्यांनी एकदा बादलीकडं वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग कसा जाईल ते सांगा मला. तुमाला येतंय ना हे समदं." मी म्हणालो, ज्यांनी टाकला त्यांनीच काढला पाहिजे, भाऊ म्हणाले तर काढतील. त्यांनी पदर खोचला. "चला."

डॉक्टर परतले तसा वॉर्ड त्यांच्यावर सोपवून, माझ्या मोटरसायकलवर आम्ही तालुक्याला भाऊंच्या कार्यालयात गेलो. केक कापून झाला होता. बाहेर फटाक्यांचा कागद पडला होता, आत हार-तुऱ्यांचा ढीग. सिस्टर गणवेशातच होत्या. माणसांतून वाट काढत थेट भाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"या सिस्टर, या. पेढा घ्या," भाऊ म्हणाले.

"जरा ह्यांना भाईर घाला."

भाऊंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि खोली रिकामी केली. मी दाराजवळ राहिलो. सिस्टरनी माझ्याकडं हात केला, मी एका ग्रुपवर आलेला तो फोटो माझ्या मोबाईलवर उघडून दिला. त्यांनी तो भाऊंच्या पुढं धरला.

"नीट बगा. लेकरू मेलंय हिचं."

भाऊंचा चेहरा उतरला. "आम्हाला कुणी सांगितलं नाही हो."

"तुमी इचारलं कुठं?"

"पोरांची चूक झाली सिस्टर. पण आता ते एवढ्या ठिकाणी..."

"भाऊ," सिस्टर म्हणाल्या, "तुमी टमटम चालवत व्हताव, तव्हा तुमच्या बायकूचं पहिलं बाळंतपण म्या केलंय. दोन रात्री तिची सगळी घाण काढली. तिचा असा फोटो काढून टाकला असता तर?"

 भाऊंनी मोबाईल उचलला आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. कधी विनवून, कधी शिव्या देऊन. सिस्टर समोरच्या खुर्चीवर बसून राहिल्या. चहा आला, त्यांनी शिवला नाही. मी ग्रुप तपासत होतो आणि "इथला गेला," "हाही गेला" असं सांगत होतो. दिवस कलायला आला तेव्हा मला सापडेल तेवढ्या ठिकाणाहून तो फोटो गेला होता.

तेवढ्यात माझ्या मोबाईलवर दुसरंच काही आलं. व्हरांड्यातली चित्रफीत. सिस्टर, बादली, मोबाईल. त्यावर लिहिलेलं, सरकारी सिस्टरची दादागिरी. भाऊंनीही ती पाहिली आणि म्हणाले, "हीसुद्धा काढायला सांगतो."

सिस्टर उठल्या. "माझी ऱ्हाऊ द्या. माझ्या अंगावर कपडे हाईत."

ती राहिली, आणि पसरली. अनोळखी माणसांनी तिच्याखाली जे लिहिलं ते मी वाचून दाखवायला नकार दिला. चार दिवसांनी वारं फिरलं. भाऊंच्या विरोधातल्या लोकांनी तीच चित्रफीत घेऊन तिला वाघिणीचं चित्र आणि ढोल-ताशाचं संगीत जोडलं. मग ते हार, शाल आणि फोटोवाला घेऊन सत्काराला आले. सिस्टर क्वार्टरच्या ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या.

"ताई, तुम्ही अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलात. नेमकं काय झालं होतं ते जरा कॅमेऱ्यापुढं सांगा."

"फोन घाण झाला व्हता. धुयाला टाकला," सिस्टर म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या. दाराच्या आतून मला तो लांबलेला 'शी' ऐकू आला, आणि मग खरंच ओकल्याचा आवाज.

जिल्ह्यावरून खुलासा मागवला गेला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी परोपरीनं सांगितलं की खरं कारण लिहा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. सिस्टर म्हणाल्या, "कारण लिव्हलं की चौकशी व्हईल. चौकशी झाली की तो फोटू फाईलीला लागंल. मंग समदे सायब बघत बसतील." खुलाशात त्यांनी तेच एक वाक्य लिहिलं, फोन घाण झाला होता. त्यांची बदली झाली. थेट गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीकाठच्या एका उपकेंद्रात, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. टेम्पोत सामान चढवलं, नवऱ्याला आणि त्याच्या टीव्हीला मागं बसवलं आणि मला म्हणाल्या, "अनुसयाकडं मोबाईल न्हाई. तिला ह्यातलं काय बी कळता कामा न्हाई. कव्हाच." त्या दिवशी मी 'तू' होतो की 'तुमी', ते त्या वाक्यावरून कळलं नाही.

दीड-दोन वर्षांनी अनुसया लसीकरणाला आली. कडेवर मुलगी, गुटगुटीत, डोक्याला तेल चोपडलेलं. खिडकीतून औषध घेताना तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"पहिल्याच्या उंच सिस्टर कुठं गेल्या हो?"

"बदली झाली त्यांची."

"लय भांडकुदळ व्हत्या म्हणतेत. कुणाचा तरी फोन पाण्यात टाकला म्हणं, उगंच. म्हणून काढलं म्हणं हितून." तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माझ्यासंगं तर लय चांगल्या वागल्या. पर असतंय एकेकाचं डोकं."

"हो," मी म्हणालो. "असतं एकेकाचं डोकं."

त्या दुपारी मी गंगाखेडकडं फोन लावला. सिस्टरचा आवाज थकलेला होता. तिकडंही नवीन ॲप आलं होतं, त्याला शिव्या देऊन झाल्या. मग मी सांगितलं, अनुसया आली होती, आणि ती काय म्हणाली तेही जसंच्या तसं सांगितलं.  

"भांडकुदळ म्हणली?"

"हो सिस्टर."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम खडसावून, "लेकराचं वजन किती भरलं ते सांग की आधी."